न वाळलेला रंग

प्रिय बाबा,

कालपासून फोन उचलत नाही तुम्ही, म्हणून हे लिहितेय. पत्र तरी मधेच कट करता येणार नाही.

काल तुमच्या गिऱ्हाईक बाईंनी मला चांगलंच फैलावर घेतलं. “नाजूक वस्तू नि चित्रं जपून पोचवणं हा तुमचा धंदा ना, मग हे काय पाठवलंत?” म्हणे! मला कशाचा पत्ताच नाही. जाऊन बघते तर लाकडी खोकं माझ्याच गोदामातलं, माझं नाव छापलेलं, आणि आत आईचं शेवटचं चित्र. खिडकीवरच्या निळ्या पडद्याचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

विकलंत? मला न विचारता? पोटची पोर रोज लोकांची झुंबरं नि फुलदाण्या तळहातावर घेऊन पोचवतेय, आणि आईचं चित्र तुम्ही भाड्याच्या टेम्पोत घातलंत! अंथरुणाला खिळेपर्यंत ती त्यावर थर चढवत होती. तेलरंग तो, महिनोन् महिने आतून ओला राहतो. तिचा रंग अजून वाळलासुद्धा नाही हो, बाबा.

आणि बांधलंत कसं? फुग्यांचं प्लास्टिक थेट रंगावर, फुगे आतल्या बाजूला! तुमच्या हाताखाली हा धंदा शिकत होते तेव्हा याच चुकीसाठी तुम्ही मला भर दुकानात झापलं होतंत. आधी गुळगुळीत कागद, फुगे नेहमी बाहेर, हे तुम्हीच माझ्याकडून घोकून घेतलंत. आता पडदाभर गोल गोल ठसे उठलेत.

मग चित्र घरी आणून खिडकीशी धरलं. कडांना ठसे जेमतेम. मधोमध मात्र खोल, आणि वर हनुवटी टेकावी तेवढा एक खळगा. बांधल्यावर तुम्ही ते छातीशी कवटाळून बसला होतात, हो ना? अहो, मग विकायचं कशाला? डोळ्यांसमोर नको म्हणून? आणि मला मात्र आई गेल्यापासून रोज तेच, मी मजेत आहे, माझी काळजी करू नकोस. त्या खोटेपणाचा मला चित्रापेक्षा जास्त राग आलाय.

बाईंचा व्यवहार मी मोडला. ठसे काढून देतो म्हणणाऱ्या कारागिरालाही नको म्हटलं. पण पत्राचं कारण ते नाही. रविवारी मी गाडी घेऊन येतेय, तुम्हाला न्यायला. कपडे भरून ठेवा. नाही म्हणालात तर ज्या खुर्चीला चिकटून बसाल तिच्यासकट उचलीन, जड सामानाची मला सवय आहे. रडायचं असेल तर माझ्यासमोर रडा. माझीही आई गेलीय.

तुमचीच, आणि अजून भडकलेली,
ठकू