कंबरेचा झोका

आबा, तुमचा व्यायामाचा, वर मूठ असलेला लोखंडी गोळा आता जवाहर नगरच्या माझ्या घरात आहे. वारा सुटला की दार आपटतं, म्हणून इतकी वर्षं तो दाराला लावून ठेवला होता. तुमचे जवान त्याला किटली म्हणायचे.

साठ सालच्या आसपासचं आपलं जयपूरच्या लाइनीतलं क्वार्टर. मी तेरा वर्षांची. थंडीच्या सकाळी मागच्या अंगणात तुम्ही नव्या जवानांना गोळा झुलवायला शिकवता आहात आणि मी स्वयंपाकघरात कणीक मळता मळता खिडकीच्या जाळीतून बघते आहे. ते गुडघे जेमतेम वाकवतात, कंबर मागे नेत पुढे वाकतात, गोळा दोन पायांमधून मागे जाऊ देतात आणि कंबरेच्या एका झटक्यासरशी तो छातीपर्यंत येतो. हात नुसते दोरीसारखे. कुणी हातानं उचलायला गेला की तुम्ही ओरडता, "कंबर!" ते गेले की माझी पाळी. मला मात्र तुम्ही उकिडवं बसवता आणि सगळं वजन हातांनी वर ओढायला लावता. मी विचारलं होतं, "आबा, माझं वेगळं का?"

"तुझी पद्धत अवघड आहे पोरी. सगळ्यांना नाही जमत."

त्या वाक्यावर मी दोन हिवाळे काढले. खांदे ठणकायचे, पोळी लाटताना हात थरथरायचा. आई म्हणायची, "अगं, लाटणं आहे ते, गोळा नव्हे," आणि मला त्याचाही अभिमान वाटायचा.

मग एका सकाळी तुमचे हवालदार आले आणि त्यांनी मला झुलवताना पाहिलं. चहा देऊन मी आत वळते आहे, तोच मागून त्यांचा आवाज, "सूबेदार साहब, बिटिया को यह किसने सिखाया? ऐसे तो कंधे उतर जाएँगे।"

तुम्ही हसलात. "जान-बूझकर उल्टा सिखाया है भाई। ज़िद पकड़ ली थी। थक जाएगी तो खुद छोड़ देगी।"

सरळ नाही म्हणाला असतात, तर मी रडले असते, रुसले असते आणि विसरलेही असते. पण तुम्ही रोज सकाळी समोर उभे राहिलात, "शाबास" म्हणालात आणि माझ्या दमण्याची वाट पाहिलीत.

दुसऱ्या दिवशी मी गोळ्याला हात लावला नाही. "काय गं, आज नाही?" तुम्ही विचारलंत. "दमले," मी म्हटलं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "शहाणी माझी." इतक्या मायेनं तुम्ही पुन्हा कधी हात ठेवल्याचं मला आठवत नाही.

तुम्ही जाऊनही आता खूप वर्षं झाली. गेल्या आठवड्यात घरात कुणी नसताना मी पदर खोचला आणि गोळा मागे सोडला, जाळीतून पाहिला होता तसा. तो आपसूक वर आला. आबा, किती हलका होता तो! मी तिथेच फरशीवर बसले. तो असा हलका होऊ शकतो, हे तुम्हाला रोज माहीत होतं.

हा कागद घडी करून गोळ्याखालीच ठेवते. फक्त एक सांगायचं राहिलं. आज झुलवताना जुन्या सवयीनं हात पुन्हा वर ओढायला लागले. सांगायला कुणी नव्हतं. मग मीच मोठ्यानं ओरडले, "कंबर!" अगदी तुमच्या आवाजात. आणि हात सैल पडले.