पेट्रोलचा एकही थेंब नको

प्रिय धाकट्या,

परवा फोन केला तेव्हा तू म्हणालास, "ताई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो." तो 'नंतर' काही उगवला नाही, म्हणून लिहायला बसले. पत्राला मीटिंग आडवी येत नाही. रागावलेय असं समजू नकोस. म्हणजे रागावलेच आहे, पण आधी घरची खबरबात सांगते, राग कुठे पळून जात नाही.

आई आता उठून बसते, दोन घास खाते. काल तिनं बाबांचे कामाचे कपडे धुवायला काढले. मी म्हटलं राहू दे, पण ऐकेल तर ती आई कसली. ग्रीसचे डाग जात नाहीत म्हणून तिनं जन्मभर त्यांच्यामागे कटकट केली, आणि काल एकेक शर्ट उजेडात धरून बघत होती, डाग तसाच आहे म्हणून तिला बरं वाटत होतं. गॅरेज बंदच आहे. गिऱ्हाइकं येतात, शटरपाशी उभी राहतात आणि शेजारच्या वेल्डरकडे चौकशी करून जातात. तो बिचारा प्रत्येकाला तीच हकिकत सांगून थकला आहे. पांढरी गाडी अजून अंगणातच आहे. तिच्यावर मी ताडपत्री टाकली आहे.

तुझी आणि बाबांची जुंपायची तेव्हा आम्हाला फुकटची करमणूक असायची, आठवतं? तू सुट्टीला यायचास आणि बूट काढायच्या आधी सुरू व्हायचास. पेट्रोल कधीतरी संपणार, शेतातलं पीक दरवर्षी नव्यानं उगवणार, त्यापासून काढलेल्या इथेनॉलवर उद्या सगळ्या गाड्या चालणार. बाबा म्हणायचे, "आधी माणसांची पोटं भरा, मग गाड्यांची." तू म्हणायचास, धान्य कशाला लागतंय, चोथ्यापासून, धांड्यांपासूनही काढता येतं. मग ते म्हणायचे, "दारू पाजलेली गाडी सरळ चालेल का रे?" आणि आपल्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसायचे. चाळीशी डोक्यावर, हातात पाना, आणि समोर शिकलेला मुलगा वाद घालतोय, याचा त्यांना केवढा आनंद व्हायचा हे तुला कधी कळलं की नाही कोण जाणे.

एका खेपेला मात्र तू बोलून गेलास की तुमच्या इथेनॉलच्या प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या मालात थोडं पेट्रोल मिसळलेलं असतं, तसा नियमच आहे. बाबांनी ते बरोबर पकडलं. "म्हणजे पेट्रोलच्या कुबड्या घेऊन चालायचं आणि वर म्हणायचं पेट्रोल नको! हिंमत असेल तर पेट्रोलचा एकही थेंब नसलेलं आण. मग बघतो तुझं इथेनॉल पेट्रोलची जागा घेतं का." तूही त्यांचाच मुलगा. पुढच्या खेपेला गाडीच्या डिकीतून पिंप घेऊन आलास, पेट्रोल मिसळण्याआधीच भरून घेतलेलं. बाबांनी झाकण उघडून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं, पण तू गेल्यावर दिवसभर शीळ वाजवत होते.

पुढचं तुला ठाऊक नाही, कारण त्यांनी मला सांगू दिलं नाही. जुन्या पांढऱ्या गाडीचा कार्बोरेटर त्यांनी पार खोलला, आतली भोकं मोठी केली, रबरी नळ्या बदलल्या. गाडी एकदा तापली की काय सुरेख चालायची! आईला शेजारी बसवून गावाबाहेर चक्कर मारून आले आणि म्हणाले, "इंजिन पेट्रोलपेक्षा गोड चालतंय." तेवढ्याच अंतराला जास्त प्यायची, ते त्यांनी सोडून दिलं. पण थंड इंजिन सहजासहजी सुरू व्हायचं नाही. अशा वेळी कार्बोरेटरच्या तोंडात झाकणभर पेट्रोल ओतलं की काम होतं, हे तर गॅरेजात वाढलेल्या मलाही माहीत आहे. मी पेट्रोलची बाटली आणून दिली. त्यांनी ती परत पाठवली. "लबाडी होईल ती. मग पोरगा जिंकला असं कसं सांगू त्याला?" धाकट्या, ते तुला हरवायला बसले नव्हते रे. हार कबूल करायला बसले होते, फक्त ती त्यांना सचोटीनं करायची होती.

त्या दिवशी भर दुपारी आम्ही गाडी ढकलून अंगणात उन्हाला लावली, जरा ऊब मिळावी म्हणून. बाबा बॉनेटखाली वाकून कार्बोरेटरमध्ये पिंपातलंच इथेनॉल ओतत होते, मी आत बसून किल्ली फिरवत होते. फट् असा आवाज झाला. इंजिन कार्बोरेटरमधून उलटं शिंकलं की होतो तो आवाज आपण लहानपणापासून ऐकत आलोय, मला काहीच वाटलं नाही. मग बाबा बॉनेटमागून बाजूला आले आणि दंडावर चापट्या मारायला लागले, नुसते नाचायला लागले. वेल्डर भिंतीपलीकडून ओरडला, "मेस्त्री, गांधीलमाशी चावली का?" आणि तो हसला. मीही हसले. ना जाळ, ना धूर, कडक ऊन आणि बाबा. मग त्यांच्या शर्टाची बाही आपोआप काळी पडून आक्रसायला लागली. बादली दोन पावलांवर होती. पण आग दिसेचना, तर पाणी कशावर टाकणार?

नंतर मी पिंपाचं नाव न काढता विचारलं, तेव्हा अग्निशमन दलातल्या माणसानं समजावून सांगितलं. निव्वळ अल्कोहोलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसतच नाही. थोडं पेट्रोल असतं तर जाळ पिवळा झाला असता. बाबांनी पेट्रोलच्या किती आगी विझवल्या असतील! आग कशी दिसते हे त्यांना नीट माहीत होतं, म्हणूनच ही आग आहे असं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दवाखान्यात चौकशीला अधिकारी आला तेव्हा मी तिथेच होते. बाबांना बोलायला त्रास होत होता, पण त्यांनी स्वच्छ सांगितलं, "चूक माझी. मी सिगारेट पेटवली." सिगारेट! ज्यांनी आयुष्यात एक झुरका घेतला नाही, सिगारेट ओढणाऱ्या गिऱ्हाइकाला जे फाटकाबाहेर काढायचे, ते. अधिकाऱ्यानं विचारलं, कुठली सिगारेट? सिगारेटच्या ज्या जुन्या डब्यात ते वॉशर ठेवायचे, त्या डब्यावरचं नाव त्यांनी सांगून टाकलं. ती सिगारेट बाजारातून जाऊन जमाना झाला, पण अधिकारी तरुण होता, त्यानं लिहून घेतलं. तो गेल्यावर बाबा मला म्हणाले, "तू गप्प बसायचं. पिंप नियम मोडून आणलंय हे कळलं तर पोराची नोकरी जाईल." मी हो म्हटलं. त्या अवस्थेतल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

तू आलास, आईजवळ बसलास, सगळं केलंस. पण आग कशी लागली, हे तू एकदाही विचारलं नाहीस. लोक बोलत होते, मेस्त्रींनी सिगारेट पेटवली म्हणे, आणि तू मान खाली घालून ऐकत होतास. बाबा सिगारेट ओढत नव्हते, हे त्या घोळक्यात फक्त आपल्या घराला माहीत होतं. आईनं त्या वेळी तुझ्याकडे पाहिलं होतं. तुझं लक्ष नव्हतं.

मी तेव्हाही गप्प बसले, आणि बाबांच्या शब्दाखातर कायमची बसलेही असते. पण रविवारच्या पेपरात तुझा फोटो आला. पेट्रोलशिवाय शंभर टक्के इथेनॉलवर गाड्या चालवण्याची चाचणी सुरू होतेय, पिंपं गावोगावच्या गॅरेजांना पाठवणार, आणि प्रमुख म्हणून तू. त्यात तू म्हटलंयस की मेकॅनिक लोकांना पेट्रोल हाताळायची सवय आहे, वेगळ्या प्रशिक्षणाची गरज नाही. ते वाक्य मी आईला वाचून दाखवलं नाही. बाबांकडे पिंप आणलंस तेव्हा त्या ज्योतीचं तुला ठाऊक नसेल, मी तसं धरून चालते, मला तसंच धरायचं आहे. पण आता तुला ठाऊक आहे. येत्या सोमवारी मी त्या अधिकाऱ्याकडे जाऊन सगळं सांगणार आहे, पिंप कुठून आलं ते आणि सिगारेट नव्हती तेही. तुझी नोकरी जाईल, कदाचित त्याहून वाईट होईल. त्याआधी आलास आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलंस, तर मी तुझा हात धरून शेजारी बसेन. नाही आलास, तरी मी जाणार आहे. कुठल्यातरी अंगणात एखादी मुलगी किल्ली फिरवत बसलेली असेल आणि बापाला नाचताना बघून हसेल, ते मला नको आहे.

बाबांचा शब्द मोडणारी, तरीही तुझीच,
ताई