सात नंबरची खुर्ची आणि दोन दावेदार

नांदेड, शुक्रवार

तीर्थस्वरूप मारोतीमामांना सुगतचा सविनय जयभीम.

मामींचा गुडघा कसा आहे? (जिना चढू नका म्हटल्यावर त्या पापड वाळवायला गच्चीवर गेल्या, हे आईकडून कळलं.) इकडे सगळे बरे आहोत, म्हणजे आई बरी आहे, मी नाही. तुमच्या गल्लीतली बुशरा आणि मी मिळून अभ्यासिकांसाठी जागावाटपाचा प्रोग्राम केला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. चार वर्षांची भागीदारी, आणि पंधरा दिवस झाले ती माझा फोन उचलत नाही.

प्रोग्राम स्कीम नावाच्या भाषेत आहे. भाषा एक, पण ती चालवणारी इंजिनं अनेक. मी एक वापरतो, बुशरा दुसरं. नंबर द्यायचं काम आम्ही एका लायब्ररीत ठेवलं. (पुस्तकांची नव्हे, एकदा लिहून ठेवलेलं काम, लागेल तिथं बोलावून घ्यायचं.) अभ्यासिकेत चिठ्ठ्या द्यायच्या खिडक्या दोन; मुलींच्या खिडकीनं तिला बोलावलं, मुलांच्या खिडकीनंही बोलावलं. आता लग्नघरी दोन भावांनी एकाच आचाऱ्याला निरोप धाडला, तर आचारी एकच येतो. माझं इंजिनही तेच मानतं, म्हणून नंबर सरळ पुढे जातात. दुसरं इंजिन दर निरोपाला नवा आचारी उभा करतं, आणि तो आपला एकपासून मोजायला लागतो. (तिसरं तर प्रत्यक्ष चूल पेटवायची वेळ येईपर्यंत त्याला उठवतच नाही.) बुशरानं हे आधीच बजावलं होतं. मी म्हणालो, सहा वर्षं बघून राहिलो, सगळीकडे एकदाच येतो. सहा वर्षं मी एकच इंजिन बघत होतो, हे तेव्हा सुचलं नाही.

लोह्याच्या अभ्यासिकेत नेमकं दुसरं इंजिन निघालं. (बसवलं मीच होतं, घाईत जे आधी सापडलं ते.) पहिल्याच दिवशी सात नंबर जगदेवीलाही मिळाला आणि मल्लेशलाही. दोघंही तलाठी परीक्षेवाले. जगदेवी म्हणाली, "चिठ्ठी हाय माझ्याकडं, मी न्हाई उठणार." चिठ्ठी मल्लेशकडेही होती. असं प्रत्येक खुर्चीचं झालं. अर्धी अभ्यासिका उभ्यानं वाचत होती आणि संचालक सिद्धराम गुरुजी हातानं नंबर लिहीत होते. सगळ्यांसमोर मी बुशराला फोन लावून तिचीच चूक काढली, भाषेचे नियम तरी वाचलेस का म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी स्वतः नियम वाचले. त्यात आचारी एकच असो की दर वेळी नवा, दोन्ही चालतं असं लिहिलंय. मामा, मला फार वाईट वाटलं.

आपला,
सुगत

ता. क. प्रोग्राम दुरुस्त झालाय, तेव्हा काम अडलंय म्हणून लिहीत नाही. पण पाशामियाँकडे, म्हणजे तिच्या अब्बांकडे, तुम्ही चहाला जाताच. तेव्हा बुशराला सांगा की नियमांप्रमाणे आम्ही दोघंही बरोबर होतो.

ता. क. २. वरचं सांगू नका. ती बरोबर होती, एवढंच सांगा.

ता. क. ३. पत्र पेटीत टाकलं नाही, लातूरच्या गाडीत बसलो. हे तुमच्या स्वयंपाकघरात बसून लिहितोय. वाचून झालं की हाक मारा आणि चप्पल घाला. बोलेन मीच, पण तिच्या दारापर्यंत एकट्यानं जायची हिंमत होत नाही.