रेडिएटरमधली हळद

शिरूर कासार, दसरा, संध्याकाळ

ट्रकला नवा रेडिएटर बसला एकदाचा. तरी जीव थाऱ्यावर न्हाई.

पाटोद्याच्या मिस्त्रीनं दोन दाखवले होते. ॲल्युमिनियमचा गाडी लई थंड ठेवतो म्हणे. पण वाटेत फुटला तर खेड्यात त्याला डाग देऊन कोण सांधणार? परवा ऊसतोडीची टोळी घेऊन घाट चढायचाय, मागं लेकरंबाळं. म्हणून तांब्याचा घेतला. बरोबर केलं का?

अण्णांना जुनाच हवा होता. हा ट्रक त्यांनी जन्मभर चालवला, आता लेकाच्या, माझ्या हाती दिलाय. रेडिएटर गळायला लागला की मूठभर हळद आत टाकायची, गळती बंद. "हळदीवर टोळ्या कारखान्याला पोचवल्यात मी," सगळ्यांना सांगतात.

मिस्त्रीनं जुना कापला तर नळ्या पिवळ्या गाळानं गच्च बुजलेल्या. गाडी काहून तापायची ते तेव्हा कळलं. घरी अण्णांनी विचारलं, "काय निघालं आत?" तोंडातून गेलं, "गंज."

तो पिवळा गाळ डोळ्यांपुढून हलत न्हाई.

आज गाडीची पूजा केली. अण्णांनी नव्या रेडिएटरला हळदकुंकू लावलं. मग झाकण उघडून उरलेली हळद, चांगली मूठभर, आत सोडली. "गळायच्या आधीच दिलेली बरी," म्हणाले. मी बादलीतलं पाणी वरून ओतलं.

आता ते गाडीशेजारी खुर्ची टाकून बसलेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला रेडिएटर दाखवतायत. उद्या सगळं पाणी काढावंच लागंल. विचारतील, "काहून काढतोस?"

नव्या रेडिएटरात गंज कसा सांगू?