पिकर्सगिलची शपथ

थॉर्नबेक, यॉर्कशर
३ ऑक्टोबर १९९५

ती. अँब्रोजदादास,
सा. न. वि. वि.

परवानगी आली रे! आता आम्ही घर-जमिनीची खरेदीखतं करणारेही लोकांना प्रतिज्ञापत्राची शपथ देऊ शकतो. मी खरेदीखतांची परीक्षा पास झाले त्याच दिवशी पिकर्सगिल वकिलाने मला टायपिस्टच्या नोकरीवरून हाकललं होतं, आठवतं ना? ही बाई शपथ द्यायला लागली तर उद्या कोंबड्या प्रवचन करतील, असं तो बाजारभर सांगत फिरला होता.

आज तोच मेला माझा जिना चढून आला! वकिलाला स्वतःच्या कामाची शपथ स्वतःच्या कचेरीत घेता येत नाही, समोरच्या दारी जावं लागतं. गावातल्या दुसऱ्या वकिलाने ईस्टरला दुकान बंद केलं, म्हणून ही पाळी.

शपथ देणारा मजकूर वाचत नाही, हे त्याला ठाऊक. पण जोडलेल्या नकाशावर मला सही करावी लागते, हे तो विसरला. नकाशात आपल्या आईची सफरचंदाची बाग! खाली लिहिलंय, बारा वर्षं ती त्याच्या एकट्याच्या ताब्यात आहे म्हणे; तेवढा ताबा शाबीत झाला की कायद्याने जमीन त्याचीच! आईला विचारून मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या, आणि आता जमीनच गिळतोय. गुरुवारी या म्हणून त्याला घालवलाय. काय करू?

आईचे गुडघे दुखतात, तरी शिडी सोडत नाही.

लोभ असू दे, रागाचं मी बघते.
हेस्टर

हल, ४ ऑक्टोबर

चि. हेस्टरला अ. उ. आ.

विचारतेस काय वेडे? दे त्याला शपथ, आणि मग खोट्या शपथेबद्दल सरळ आत घाल! आईला शिडीवरून उतरव, बाग आईची ती आईचीच राहिली पाहिजे.

तुझा दादा

थॉर्नबेक, २६ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं असतं तर तो सुटला असता. बाग आईची, मी तिची लेक. माझ्यापुढची शपथ कोर्टाने उडवून लावली असती. म्हणून मी गोड हसून म्हटलं, माझा यात संबंध येतो, शेजारच्या गावी ऑड्सली वकीलसाहेबांकडे जा. टायपिस्ट बायबलला घाबरली, असं म्हणून तो खिदळला. मी बसची वेळसुद्धा सांगितली.

तिथे त्याने पुस्तकावर हात ठेवून बिनधास्त शपथ घेतली. कागद जमीन-नोंदणीत दाखल होताच मी तक्रार केली, आणि काल पोलीस त्याला घेऊन गेले. दर सुगीला आपल्या बागेतली फळं उतरवणारं अर्धं चर्च साक्षीला उभं आहे. बागेला आता धक्का नाही, त्याची वकिली मात्र संपली.

आई बोलत नाही माझ्याशी. म्हणते, तू एका शब्दाने सावध केलं असतंस तर त्याने कागद खिशात घातला असता आणि मुकाट घरी गेला असता; बाग तेव्हाही वाचलीच असती. खरंय तिचं.

पण दादा, मला तो घरी जायला नको होता.

आई रुसलीय, तू तरी रुसू नकोस.
तुझी हेस्टर