एक कोयता, दोन कार्डं

अहो वैजूचे बाबा,

तुमच्या पाया पडून लिहायला बसले आहे.

आधी तुमची खुशाली सांगा. छातीत आता दुखत नाही ना? सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? तिथं तरी मांडी घालून बसता येतं का त्यांना? मामंजींचा खोकला थांबला, का अजून चिलीम सुटत नाही? आणि आपला तांब्या बैल? त्याच्या खांद्यावरची जखम भरली का? इकडं आम्ही बरे आहोत. म्हणजे चाललंय. यंदाही आभाळ येतं, बघून जातं. टँकर चार दिवसांआड येतो.

पत्राचं कारण असं की, वैजूनं कॅनडातून एक कागद पाठवलाय. त्यावर मी सही करायची आहे आणि माझा हात उचलत नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय मी कधी काही ठरवलंय का? ठरवलंय म्हणा. तेच तर आज सांगायचं आहे.

वैजूनं आपल्याला तिकडचे कायमचे रहिवासी करून घेतलं, तेव्हा दोघांची दोन कार्डं आली. तुम्ही ती रेशनकार्डासारखी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून उशीखाली ठेवलीत. सून हसली होती. पाच वर्षांत दोन वर्षं तरी तिथं राहिलं पाहिजे, एवढीच अट. आपण म्हटलं, आता कुठं जातोय!

आणि त्याच साली इकडं दुष्काळ पडला. आपल्या बायकांच्या दूध संस्थेतून फोन आला, "चेअरमनबाई, चारा छावणी उघडायची म्हनत्यात. तुमी न्हाई आलात तर हितं समद्या नुसत्या भांडत बसत्याल." मी दोन महिन्यांसाठी म्हणून आले. जनावरांच्या कानात बिल्ले, रोज सकाळी उसाची कुट्टी, पेंड, पाण्याच्या हौदापाशी बायकांची कलकल. सगळा जन्म ऊस तोडण्यात गेला, आणि आता तोच ऊस गाईंपुढं टाकत होते. काय गंमत!

छावणी उठली, पण मी उठले नाही. दोन महिन्यांची चार वर्षं कशी झाली, तुम्ही तरी कधी विचारलंत?

नाही विचारलंत. वैजू ओरडायचा, "आई, दिवस भरत नाहीत तुझे, ये." मी घाबरून तुम्हाला विचारलं, तर तुम्ही फोनवर म्हणालात, "कशाला घाबरती? मी हाय ना हितं. तू तिकडं जनावरं बघ. मी दोघांची हजेरी भरतो."

आणि मला ते पटलं! का नाही पटणार? कारखान्याच्या ऊसतोड टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरीही एकाच कोयत्याची. वीस हंगाम आपण दोघं एकच होतो. वैजूच्या वेळी मी फडातल्या पाचटाच्या कोपीत बाळंत झाले, उठायची ताकद नव्हती, तेव्हा मुकादम दारात येऊन म्हणाला, "काय बे, आता अर्धा कोयता लावू ना तुझा?" तुम्ही तोंड धूत होता. तसेच वळलात. "अर्धा कावून? संध्याकाळी मोळ्या बघ. पुऱ्या भरल्या तर पुरा लाव." मग आठ दिवस तुम्ही एकट्यानं तोडलंत, बांधलंत, डोक्यावरून वाहून गाडीत भरलंत. हाताची सालं निघाली. मुकादमानं पुरा कोयता लावला. त्या माणसाला जे कळलं, ते एवढ्या मोठ्या देशाला कळणार नाही, असं मला स्वप्नातही वाटलं नाही.

मग तुमच्या छातीचा निरोप आला. विमानात मी एकटीच होते. उतरल्यावर पासपोर्ट बघायच्या खिडकीपाशी एक पोरगी होती, साहेबीण. आपल्या सुनेच्या वयाची. फोनवर हिंदी बोलणारी बाई जोडून दिली. तिनं विचारलं, "पाच वर्षांत तुम्ही इथं किती दिवस होता?"

मी म्हटलं, "दोघांचे मिळून पुरे भरलेत."

"दोघांचे नाही. तुमचे."

"माझे मालक इथंच आहेत की! आमचे दिवस एकातच असतात."

फोनवरची बाई हळूच म्हणाली, "माँजी, यहाँ सबके अलग गिनते हैं." वीस हंगाम तुमच्याबरोबर मोजलेली मी, त्या खिडकीपाशी पहिल्यांदा वेगळी निघाले.

पोरगी वाईट नव्हती. तिनं पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. तीन तास लिहीत होती. शेवटी सांगितलं, अटीत बसत नाही, पण अपील करता येईल, निकाल लागेपर्यंत आत जा. त्या तीन तासांत मी एकच म्हणत होते, कार्ड ठेवून घ्या बाई, पण मला जाऊ द्या, माझा माणूस दवाखान्यात आहे.

तुम्ही जागे होता. आठवतं? नाकात नळी, आणि पहिलं वाक्य काय, "कावून उशीर झाला?"

"इमान उशिरा आलं."

"कार्ड चाललं का?"

"चाललं की."

"मंग! म्हनलं नव्हतं का मी? तुझी हजेरी सुदिक भरली म्या." आणि हसलात. नळी हलली म्हणून नर्स रागावली तुमच्यावर.

त्याच रात्री तुमची शुद्ध हरपली, चौथ्या दिवशी गेलात. खोटं बोलले हो मी. तुमच्याशी बोललेलं हे शेवटचं, आणि तेच खोटं.

तुम्हाला घेऊन मी इकडं आले. येताना सीमेवर तुमचे दिवस कुणी विचारले नाहीत. आपल्या सिंदफणा नदीत पाणी नव्हतं, म्हणून पैठणला गोदावरीत सोडलं तुम्हाला. रागावला नाहीत ना?

आता कागदाचं. वैजूनं अपील केलंय. वकिलानं माझ्या नावानं जबानी लिहिलीय, खाली मराठीतही दिलीय. बाकी सगळं ठीक आहे. मधे एक वाक्य आहे : 'माझ्या पतीने मला चुकीची माहिती दिल्यामुळे मी परत येऊ शकले नाही.'

मी फोन केला. "वैजू, हे वाक्य काढ."

"आई, त्याच्यावरच तर सगळं उभं हाय. बाबा आता न्हाईत. त्यांचं काय बिघडतं?"

"माझं बिघडतं."

"मंग कार्ड जाईल. सईला सांग तूच, आजी कावून येत न्हाई ते."

पोर रडत होता हो. मीही फोन ठेवून रडले. सई सात वर्षांची झाली. तुमची काठी अजून तिच्या खोलीत आहे म्हणे, कुणाला हात लावू देत नाही.

दोन दिवस तो कागद मांडीवर घेऊन बसले. मग कळलं, वाक्य नुसतं तुमच्यावर आळ घेतंय म्हणून खुपत नाही. ते खोटंही आहे. तुम्ही सांगितलं म्हणून मी थांबले नाही. मला थांबायचंच होतं! तिकडं खिडकीत बसून बर्फ बघायचं, आणि इकडं चाळीस बायका चेअरमनबाई म्हणून हाक मारायच्या. तुमचं ते हजेरीचं बोलणं मला सोयीचं होतं, म्हणून पटलं. आणि तुम्ही? तुम्हाला तरी करमत होतं का तिथं? कोपऱ्यावरच्या बाकड्यावर एकटेच बसायचात, सून सांगत होती. मला एकदा म्हणाला असतात, "ये, मला करमत न्हाई," तर मी दुसऱ्या दिवशी निघाले असते. का नाही म्हणालात? मला इकडं सुख आहे हे ओळखून गप्प बसलात ना? परत माझ्या वाटच्या मोळ्या तुम्हीच वाहिल्यात.

म्हणून आज ते वाक्य मी पेनानं खोडलं. त्याच्यावर माझ्या अक्षरात लिहिलं, 'मी माझ्या मर्जीने गावी राहिले. पती एकटे पडले. यात त्यांचा दोष नाही.' खाली सही केली. उद्या शिरूरला जाऊन टपालात टाकते. कार्ड जाईल, मला माहीत आहे. जाऊ दे. फार थकले आता.

पण एक वचन देते. सईला मी अंतर देणार नाही. पाहुणी म्हणून अर्ज करीन, जितके दिवस देतील तितके जाईन, आणि त्या कोपऱ्यावरच्या बाकड्यावर तिला घेऊन बसेन. तिचा आजा कसा होता ते सगळं सांगेन, माझ्या खोट्यासकट.

वाचून राग आला तरी गप्प राहू नका, आता तरी बोला. तुम्हाला लिहिता येत नाही हे मला ठाऊक आहे. तिथं कुणी लिहिणारं भेटलं तर दोन ओळी लिहून घ्या, आणि लवकर धाडा. वाट बघते.

तुमची,
कौसल्या