शिवेपलीकडची सुई

चाकण, २९ एप्रिल १९५६

तीर्थरूप आजीस,
सोपानाचा शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितो आहे. नदीपलीकडच्या दोन गावांत बुळकांडी लागली आहे. आठवड्यात एकोणीस जनावरं गेली. डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, मग हगवण, आणि जनावर आडवं. एकदा लागली की इलाज नाही. त्याआधी लस टोचली तरच जनावर वाचतं.

गुरुवारी, ३ तारखेला, पुण्याहून बर्फात घातलेली लस येते आहे. या उन्हात बर्फ दुपारपर्यंत टिकला तर नशीब. बर्फ गेला की लस गेली, आणि पुढची पेटी आठवड्यानं. म्हणून सकाळीच सायकलवरून टेंभेवाडीला येतो. गेल्या साली मी दुसऱ्या रोगाची लस टोचल्यावर गाई चार दिवस आटल्या, तेव्हापासून डॉक्टरची सुई दूध पिते असं गाव म्हणतं, हे ठाऊक आहे. कोंडाजी पाटलांना तूच समजाव. ते तुझ्याखेरीज कुणाला भीत नाहीत.

माया आहे तशी ठेव.
तुझा
सोपान

टेंभेवाडी, १ मे १९५६

चि. सोपानास,
गोजाबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर तुझं अजून कोंबडीनं उकरल्यासारखं. मी शाळेत चारच महिने गेले म्हणून माझं वाईट, तुला कसलं निमित्त?

तुझी लस गुरुवारी, आणि गावानं शीव बांधायची ठरवलीय तीबी गुरुवारीच. त्या दिवशी चूल न्हाई, औत न्हाई, परक्यानं शिवेच्या आत पाय टाकायचा न्हाई, गावचं जनावर बाहेर काढायचं न्हाई. रोग शिवेवरनं माघारी जातो म्हणं. जन्मलास इथंच, पण राहतोस चाकणला आणि खातोस सरकारचं, म्हणून तूबी परका. कोंडाजीला म्हणलं दिवस बदल. तो म्हणाला दिवस देवीनं दिलाय. मग मी म्हणलं देवीला कळवा, बर्फ वितळतोय. सगळी चावडी अंगावर आली.

शेवटी मी विचारलं, परक्याच्या पायाला बंदी हाय, हाताचं काय ठरलंय? म्हातारी माणसं जुनं नियम आठवाय बसली. त्यांच्या बापजाद्यांनी हाताचा विचारच केला नव्हता. तवा ठरलं ते असं. शिवेवरचा ओहोळ कोरडा हाय, हातभर रुंद. तू पलीकडं उभा राहायचं, गुरं अलीकडं, आणि तू हात लांब करून टोचायचं.

कोंडाजीनं अट एकच घातली, पहिलं जनावर डॉक्टरच्या आजीचं. ते मागं फिरलं तर सगळी फिरणार. मी व्हय म्हणलं. माझ्या दोन बैलांतला पाखऱ्या पहिला, हरण्या शेवटाला.

उपाशी येऊ नको. चूल बंद असली तरी शिळ्या भाकरीला बंदी न्हाई.

लोभ हाय तेवढा पुरे, वाढवून ठेवायला घरात जागा न्हाई.
गोजाबाई

चाकण, ८ मे १९५६

तीर्थरूप आजीस,
सोपानाचा शि. सा. न. वि. वि.

पाखऱ्या काल गेल्याचं टपालवाल्या दत्तोबानं सांगितलं. मला दुसरं काही सुचत नाही.

गुरुवारी ओहोळाकाठी एकसष्ट जनावरं टोचली. टोचण्याआधी प्रत्येकाला थर्मामीटर लावला. तीन तापलेली निघाली, ती परत पाठवली. लावला नाही तो एकट्या पाखऱ्याला. सगळा गाव बघत होता, पेटीतून पाणी ठिबकत होतं. तुला विचारलं, खाणं-रवंथ ठीक आहे ना. माझ्यापेक्षा जास्त खातो, असं तू म्हणालीस, लोक हसले आणि मी सुई लावली. कागदावर तापाचा आकडा मनानंच लिहिला.

लसीनं बैल चौथ्या दिवशी मरत नाही. रोग आधीच अंगात असणार. पण गावाला हे कोण पटवणार? बर्फ संपला म्हणून खालच्या आळीची बावीस जनावरं त्या दिवशी राहिली. परवा, १० तारखेला, त्यांच्यासाठी दुसरी पेटी येते आहे. दत्तोबा सांगतो की आळीनं नकार दिलाय. ज्यानं आजीचाच बैल मारला तो आमची काय ठेवणार, असं म्हणतात. टोचली नाहीत तर पंधरवड्यात त्या आळीत पेरणीला बैल उरणार नाही.

खोटा आकडा खोडून साहेबांना खरं कळवतो आहे. नोकरी राहील की नाही, माहीत नाही.

आजी, एकच विचारतो, रागावू नकोस. बुधवारी पाखऱ्यानं रवंथ केला होता का?

उत्तर दत्तोबाच्याच हाती दे.
सोपान

टेंभेवाडी, ९ मे १९५६

चि. सोपानास,
गोजाबाईचे आशीर्वाद.

न्हाई. बुधवारी दुपारपासनं रवंथ न्हाई. नाक कोरडं, कान तापलेलं. मला कळलं होतं. पन्नास वर्षं गुरांचं शेण काढलंय, मला न कळून कसं चालंल?

पाखऱ्याला घरी ठेवला असता तर कोंडाजी म्हणाला असता, आजीचाच विश्वास न्हाई. एकसष्ट गुरं माघारी गेली असती आणि तुझा बर्फ ओहोळात. तुला खरं सांगितलं असतं तर तू सुई लावली नसतीस, म्हंजे तेच. म्हणून दोघांशीबी खोटं बोलले. पाखऱ्या मरणारच होता, मरता मरता कामाला लावला. मला रडायला येत न्हाई, मी काय करू?

आज सकाळी चावडीत जाऊन हे सगळं सांगितलं. बैल सुईनं गेला न्हाई, मी आजारी बैल रांगेत आणला, असं म्हणलं. मंजुळाबाई माझ्या अंगावर धावून आली. तिची गाय रांगेत दुसरी, पाखऱ्याच्या तोंडाशी तोंड. ती बरोबरच हाय. गाय अजून चरते, पण मंजुळाबाई मला तिच्या कुंपणापाशीबी उभी करत न्हाई. कोंडाजी म्हणाला, गोजाबाईनं गावाला फसवलं. तेबी खरं. माझ्या दारात कुणी यायचं न्हाई, माझं जनावर गावच्या हौदावर आणायचं न्हाई, पेरणीला मला कुणी बैल द्यायचा न्हाई, असं ठरलं. पहिल्या दोन गोष्टी तूबी सांगितल्या असत्यास.

पण खालची आळी तयार झाली. सुईवरचा राग माझ्यावर आला, तो मला पेलतो. उद्या बावीसच्या बावीस उभी राहतील.

साहेबाला खरं लिही. म्हातारी खोटं बोलली असं लिही, माझं नाव घाल. आकडा मात्र तुझ्या हातचा, तो माझ्या पदरात टाकू नको.

उद्या शीव मोकळी हाय, पण माझ्या दाराकडं वळू नको. इथली माती बुटाला लागली तर आळीत नेशील. हरण्यानं आज वैरण सोडली. मी त्याच्यापाशी बसलेय. तू बावीस टोच आणि तसाच माघारी जा.

लोभ लांबनंच असू दे.
गोजाबाई